पाठमोरा गिरसप्पा

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत गिरसप्पाच्या धबधब्याचे एक छायाचित्र बरीच वर्षे टांगलेले होते. त्यात धबधबा पाठमोरा आहे. नदी कड्यापर्यंत येते, तेथे नाहीशी होते, आणि पुढे खाली काय घडते ते पाहणाऱ्याने मनाने जाणून घ्यायचे. असे छायाचित्र का काढले, हे विद्यार्थी मला वरचेवर विचारीत. वर्गात मी देत असे ते उत्तर शास्त्रीय होते. खरे उत्तर निराळे आहे.

महायुद्धाची ती शेवटची वर्षे. मी सांगलीस भूगोल शिकवीत होतो. गिरसप्पासाठी मी दरवर्षी एक संपूर्ण तास राखून ठेवीत असे. पाठ्यपुस्तकातले चित्र मात्र इतके काळे छापलेले होते, की एका विद्यार्थ्याने ते कोळशाची खाण म्हणून ओळखले, आणि मला त्याचे गुण कापणे जड गेले. अशात वर्तमानपत्रात वाचले, की शरावती नदीवर धरण होत असून तिचे पाणी वीज उत्पन्न करण्यासाठी वळविणार आहेत. धबधबा भरलेला पाहायचा आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, तर ते त्याच वर्षी.

अध्यापन विद्यालयातला माझा एक सहाध्यायी साताऱ्यास चित्रकला शिकवीत असे. त्याच्याजवळ कॅमेरा होता. माझ्याजवळ फिल्मचे एक रीळ होते. लष्करातून रजेवर आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते मला आणून दिले होते, आणि युद्धामुळे तसे दुसरे बाजारात मिळण्याची आशा नव्हती. कॅमेरा इंग्रजी मुलखात आणि फिल्म सांगली संस्थानात, अशा स्थितीत आमचे नियोजन जूनमध्ये टपालाने सुरू झाले. जायचे ऑक्टोबरच्या सुट्टीत ठरले, कारण तेव्हा पाणी पुष्कळ असते आणि पाऊस सरलेला असतो.

येथे सीमेचा प्रश्न समजून घेतला पाहिजे. नदीचा उत्तर काठ मुंबई इलाख्यात होता व दक्षिण काठ म्हैसूर संस्थानात. मुंबईच्या काठावर उभे राहिले की मनुष्य धबधब्याच्या माथ्यावर, जवळजवळ पाठीमागे असतो. चारही धारा समोरून दिसतात त्या म्हैसूरच्या बाजूने. म्हणून आम्ही म्हैसूरची बाजू निश्चित केली: मिरजेहून रेल्वेने शिमोग्यापर्यंत, तेथून पुढे तालगुप्पा. या मार्गात सिद्दापूर लागत नाही, आणि दोन्ही काठ साधण्याइतके दिवस सुट्टीत नव्हते.

सिद्दापूर हे माझ्या पत्नीचे माहेर. ते नदीच्या मुंबईकडच्या अंगास, धबधब्यापासून बारा-तेरा मैलांवर आहे. तिचे वडील जंगल खात्यात नोकरीस म्हणून कोकणातून तिकडे गेले आणि तिकडेच वारले. आई मुलाजवळ राहत असे. आईचे गुडघे इतके धरले होते, की ती कधी सांगलीस येईल हे संभवत नव्हते. आणि पत्नीला माहेरी जाऊन पाच वर्षे झाली होती. हे सर्व मला ठाऊक होते. माझ्या वहीत मात्र सिद्दापूरची नोंद 'पर्यायी मार्ग' या शीर्षकाखाली होती, आणि तिच्यावर एक सरळ रेघ मारलेली होती.

"म्हणजे सिद्दापूर लागणार नाही?" भाजी चिरता चिरता तिने विचारले.

"नाही. प्रकाश म्हैसूरच्या बाजूने अनुकूल आहे."

"बरं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "प्रकाश असेल, पण अकरापर्यंत दरीत धुकंच असतं. लहानपणी आम्ही डबे उघडून बसायचो, धुकं सरायची वाट बघत."

धुक्याविषयी मी आदल्याच आठवड्यात म्हैसूरच्या बाजूच्या प्रवासी बंगल्याच्या रखवालदारास पत्र लिहिले होते. अधिकृत उत्तर येईपर्यंत थांबावे, असे मी तिला सांगितले. ते पंधरा दिवसांनी आले, आणि कानडीत आले. तिने दारात उभ्या उभ्या वाचून दाखविले: धुके सकाळी अकरापर्यंत असते. मी तशी नोंद केली आणि पुढे 'आधार: बंगला' असे लिहिले.

ऑक्टोबर लागताच एका रविवारी मित्र कॅमेरा घेऊन शेवटच्या बैठकीसाठी सांगलीस आला. आम्ही रीळ कॅमेऱ्यात घालू लागलो. ते बसेना. चार महिन्यांत आम्ही भिंग, पडदा, सूर्याची उंची आणि शिदोरीतील दशम्या यांविषयी एकमेकांना बावीस पत्रे लिहिली होती. पण रीळ कॅमेऱ्यात बसते की नाही, हे पाहण्यासाठी दोन्ही वस्तू एका खोलीत याव्या लागतात, आणि तेवढे टपालाने साधत नाही.

मित्राने दोन्ही नीट पाहून सांगितले, "फिल्म तीच आहे रे. तुझ्या रिळाची दांडी जाड आहे, एवढंच. कॅमेऱ्यात रिकामी बारीक दांडी आहे, तिच्यावर गुंडाळून घेतली की झालं. मात्र पूर्ण अंधार पाहिजे."

गावातल्या छायाचित्रकाराकडे अंधारखोली होती. परंतु लग्नसराईसाठी हेच रीळ त्याने माझ्याकडे दोनदा मागितले होते, आणि त्याच्या अंधारात ते न्यायची आमची छाती होईना. भर दुपारी पूर्ण अंधार कोठे मिळेल? मला गावाजवळच्या हरिपूरचे पेव सुचले. पेव म्हणजे हळद साठविण्यासाठी जमिनीत खणलेला, बरणीसारखा अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा. ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे पेव रिकामे होते. तेथल्या हमालाने तोंडावरची फरशी सरकविली आणि रिवाजाप्रमाणे प्रथम दोरीने कंदील आत सोडला. तो अर्ध्यावरच विझला. ज्वलनास आधार न देणारा वायू जड असल्यामुळे तळाशी कसा साचतो, ते मी मित्रास समजावून देऊ लागलो.

"वायू कंचा ते तुमी बघा," हमाल म्हणाला. "आत उतरला त्यो वर यायचा न्हाई, एवढं मला ठावं हाय. दोन दिस त्वांड उघडं टाका, मग उतरा."

"तोंड उघडे ठेवले तर आत अंधार राहील का?"

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "आवं, त्वांड उघडं म्हटल्यावर उजेड येनारच की. पोरास्नी शिकवता तरी काय वो, मास्तर?"

आम्ही घरी परतलो. पत्नीने सर्व वृत्तान्त ऐकून घेतला आणि रीळ हातात घेऊन पाहिले.

"एवढंच गुंडाळायचं ना? कोठीच्या खोलीत बसून अंगावर दोन गोधड्या घेते, आणि देते गुंडाळून."

"वहिनी, बोटाचा ठसा लागला की चित्र गेलं," मित्र म्हणाला. "कडेनंच धरायची."

"भावजी, दोऱ्याएवढ्या शेवया वळते मी." मग ती माझ्याकडे वळली. "एक आहे. गुंडाळून दिली, तर आपण सिद्दापुरावरून जायचं. आपण म्हणजे मला धरून."

मी तिला प्रकाशाची दिशा पुन्हा एकवार समजावून सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली.

"प्रकाश तिकडून आहे, हे मलाही कळतं. पण फिल्म इकडे आहे."

मित्र खिडकीबाहेरचे शेवग्याचे झाड न्याहाळू लागला. निर्णय माझ्यावर आला, आणि मी तो तिला हवा तसा दिला. वीस मिनिटे ती कोठीत होती. मी दाराबाहेरून सूचना क्रमाने वाचीत होतो; तिसऱ्या सूचनेस गोधडीतून आवाज आला, "अहो, जरा गप्प बसता का? बोटांना ऐकू येत नाही." ती घामाने निथळत बाहेर आली, आणि रीळ कॅमेऱ्यात बसले.

त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिले: 'पाठीमागून पाहिल्यास नदी, कडा व पतन यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो.' मित्राने खाली सही केली. पुढे वर्गात मी हेच सांगत आलो.

मंगळवारी सिद्दापूरहून सासूबाईंचे कार्ड आले, मेहुण्याच्या हातचे. तिघे येणार हे वाचून फार आनंद झाला, पाहुण्यांसाठी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे, असा मजकूर होता. मी सवयीप्रमाणे टपालाचा शिक्का पाहिला. सांगलीचे पत्र सिद्दापुरास पोचण्यास तीन दिवस लागत, आणि उत्तर येण्यास तितकेच. म्हणजे हिचे पत्र रविवारच्या पुष्कळ आधी गेले होते. हा हिशेब मी तिच्यापुढे मांडला.

"रविवारी रीळ बसणार नाही, हे तुला कसे कळले?"

"रिळातलं मला काय कळतंय?" ती तांदूळ निवडीत म्हणाली. "पण चार महिने तुम्ही दोघं नुसतं लिहीत होता. काहीतरी अडणारच होतं. आणि अडलं की तुम्ही घरीच येणार."

मी कार्ड वहीत ठेवले. ती सुपातला एक खडा वेचून म्हणाली, "आईला इकडचा गूळ आवडतो. एक ढेप न्यायची आहे. तेवढं यादीत लिहून घ्या."

मी लिहून घेतले. ओझ्याची मर्यादा आम्ही आधीच ठरवून ठेवली होती, म्हणून कॅमेऱ्याची तिपाई यादीतून कमी केली.