चाकावरची न्हाणी

गीताबाईला कशाची भीती वाटते असं विचारू नका. कशाची वाटत नाही ते विचारा, उत्तर लवकर संपेल. कुत्र्याची वाटायची, विहिरीच्या काठाची वाटायची, गॅस पेटवताना वाटायची, मोबाईलवर अनोळखी नंबर आला तरी छाती धडधडायची. सरकता जिना तिनं फक्त टीव्हीत बघितलेला, पण त्याचीही वाटायची. पालमच्या त्या गल्लीतल्या बाया तिला हसायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसायची, आणि हसून झालं की पुन्हा भ्यायची.

सगळ्यात मोठी भीती प्रवासाची. आता ही मात्र उगाच नव्हती हो! शुगरमुळं तासातासाला लघवीला जावं लागायचं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसता येत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या तर तिनं घराबाहेर पडायचं कसं, ते कुण्या शहाण्यानं सांगावं. एकदा एसटी स्टँडवरच्या संडासात ती कशीबशी बसली ती उठलीच नाही. शेवटी दोन अनोळखी बायांनी काखेत हात घालून तिला बाहेर काढलं. त्या दिवसापासून तिनं गंगाखेडच्या पुढं पाऊल टाकलं नाही. एकुलती एक लेक संघप्रिया नागपूरला बाळंत झाली, नातू पालथा पडायला लागला, तरी आजीनं त्याला मोबाईलमध्येच बघितलेलं. मोबाईलमधल्या पोराच्या टाळूचा वास येतो का? फोन ठेवला की गीताबाई पदर डोळ्याला लावायची.

नवऱ्याला हे दिसत होतं. दत्तराव फॅब्रिकेशनवाला. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. माणूस मनानं चांगला, पण आवाज असा की कुणी शटर ओढतंय. एक दिवस त्यानं कुठूनतरी जुनी व्हॅन ओढून आणली आणि मागची सीटं उपटून फेकली.

गीताबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. हा टेप घेऊन आला आणि तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घ्यायला लागला.

"आवो, हे काय करायलाव? लोक बघायलेत."

"गप बस. तुझी खुर्ची करायलोय."

खुर्ची म्हणजे काय, तर घडीची लोखंडी चौकट, मधोमध भोक, वर कमोडचं सीट, खाली झाकणाची बादली आणि शेजारी लाकडाच्या भुशाचा डबा. काम झालं की दोन ओंजळी भुसा टाकायचा, झाकण लावायचं, भोवती पडदा ओढलेला. आंघोळीचीही सोय केली. फवारणीचा चार्जिंगचा नवाकोरा पंप आणला, त्याच्या नळीला शॉवरची जाळी बसवली, बटण वायरीनं खाली आणलं. पाणी उन्हानं तापावं म्हणून पंपाच्या पांढऱ्या टाकीला बाहेरून काळा ऑइलपेंट मारला आणि पंप गाडीच्या टपावर बसेल असा कप्पा केला. मागचं दार वर उचललं की त्याला ताडपत्री लटकवायची, खाली फळ्यांची जाळी टाकायची, झाली न्हाणी.

"विमानात बी असलं न्हाई," दत्तराव गल्लीला सांगत सुटला. "आधी येलदरीला मुक्काम करून बघतो. जमलं की थेट नागपूर."

आता या दत्तरावाचा एक नियम होता. त्याच्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. एकदा गीताबाईनं शेजाऱ्याला ड्रिल मशीन दिली होती. तेव्हा तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, आणि मग कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. तो ते विसरूनही गेला. विसरणाऱ्याला काय जातंय! तिच्या अंगावर मात्र अजून काटा यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दत्तराव गंगाखेडला गेला असताना शेजारचा सिताराम दारात उभा राहिला.

"वैनी, तुरीवर लय अळी पडली. माझा पंप ऐन वख्ताला जळाला बघा. तुमचा द्या, एकच टाकी मारतो. दादा यायच्या आत आणून ठिवतो."

द्यायची भीती वाटत होती. पण नाही म्हणायचीही वाटत होती ना! उद्या शेजारीपाजारी म्हणतील, बघा, गाडी आली तर बाई फुगली. तिनं पंप दिला.

"याच्या तोंडाला काळं कामून फासलं वैनी?" सिताराम हसत हसत पंप पाठीला लावून गेला.

दिवस मावळायच्या आत पंप ओसरीत परत आलेला तिला दिसला. दत्तराव अजून आला नव्हता. गीताबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं तो उघडूनही बघितला नाही.

सकाळी दत्तराव गाडीतनं ओरडला, "गीते, पंप भर!" तिनं झाकण उघडलं तर आत अर्ध्यापर्यंत पाणी. तिला वाटलं, रात्री ह्यांनीच भरून चालवून बघितला असेल. वरून तिनं नळी लावून टाकी भरली. टाकी काळी, आतल्या पाण्याचा रंग दिसायचा प्रश्न नव्हता, आणि नव्या पेंटचा वास तर सगळ्या अंगणात भरलेला.

जिंतूरच्या अलीकडं तिनं भीत भीत गाडी थांबवायला लावली. पडदा ओढला आणि त्या खुर्चीवर बसली. गुडघा दुखला नाही. कुणी बाहेर थांबून घाई केली नाही. बाहेर आली ती लाजत, तोंडावर पदर घेऊन हसत. दत्तरावानं विचारलं, "काय मग?" ती म्हणाली, "नागपूर लय लांब न्हाई आता." बास, एवढाच काय तो त्या दिवशीचा आनंद.

येलदरीला पाण्याच्या कडेला गाडी लावली. लांब मासेवाल्यांची जाळी वाळत होती, माणसांचा आवाज ऐकू येत होता. ऊन चांगलं होतं. दत्तरावानं ताडपत्री लटकवली.

"तू जा आधी. पाणी तापलंय बघ झकास."

"नको बाई. कुणी आलं म्हंजे? तुमी जावा आधी."

"भित्री कुठली!" असं म्हणून तो आत शिरला.

गीताबाई टॉवेल धरून बाहेर उभी राहिली. आत बटण दाबल्याचा आवाज आला, पंप घुरघुरला, पाणी पडायला लागलं. आणि वारं तिच्याकडं वळलं. उग्र वास. घशात जाऊन बसणारा, फवारलेल्या तुरीच्या धुऱ्या-बांधावरून जाताना येतो तो.  सगळं तिला त्याच क्षणी कळलं. सितारामनं पंप रिकामा केला नव्हता.

दत्तरावाला काहीच कळत नव्हतं. वेल्डिंगच्या धुरानं आणि थिनरनं त्याचं नाक कधीच गेलेलं, भाकरी करपली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. तो आत मजेत गुणगुणत होता.

अगं बाई, बोल की! पण नाही. तिच्या डोळ्यांपुढं आली ती ड्रिल मशीन, आणि कानात त्याचा तो आवाज. कुणाला दिलतास पंप? माझ्या वस्तूला हात कुणी लावला? तिच्या तोंडातनं शब्द निघाला तो काय, तर, "पाणी कोमट हाय का?"

"फस्कलास! तुझा नंबर आता."

"मग बास करा की आता."

"अगं, टाकी भरून हाय. साबण तर लावू दे."

 सांगते, आता सांगते, असं म्हणत ती नुसती उभी. पाणी पडतच होतं.

"गीते, डोळे लय चुरचुरायलेत. साबण गेला काय की."

तेव्हा कुठं ती हलली. तिनं पंपाची वायर उपटून टाकली आणि ओरडली, "बाहेर या! पाण्याला औषधाचा वास यायलाय!"

"औषध? नव्या पंपात?"

 प्यायच्या पाण्याचे दोन्ही कॅन तिनं त्याच्या अंगावर ओतले, साबणानं घासघासून काढला. दत्तराव कपडे घालून म्हणाला, "काय हुत न्हाई," आणि तसाच स्टेअरिंगवर बसला. पण थोड्याच अंतरावर त्यानं गाडी थांबवली. घामानं शर्ट ओला, तोंडातनं लाळ गळत होती. "मला रस्ते दोन दिसायलेत गं," तो म्हणाला आणि दार उघडून ओकला.

गीताबाई खाली उतरली. पळाली म्हणजे काय, तो गुडघा ओढत, कुत्री भुंकत होती त्यांच्यामधनं, जाळी वाळत होती तिथवर गेली. तिथला परमेश्वर नावाचा मासेवाला तिच्या तोंडाकडं बघूनच उठला. त्यानं दत्तरावाला मागं मुक्कामासाठी टाकलेल्या फळीवर निजवलं आणि गाडी जिंतूरकडं पळवली.

"काकू, कोणतं औषध हाय ते डॉक्टरला सांगावं लागंल. ठाव हाय का?"

ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याला फोन लावायचा होता, तोही दत्तरावासमोर. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले, दंडाची कातडी आपोआप उडत होती. तिनं फोन लावला.

"सिताराम, पंपात कोणतं औषध हुतं?"

पलीकडनं आवाज आला, "मी तर रिकामा करून दिलता वैनी."

"सिताराम!" ती अशी ओरडली की परमेश्वराचा पाय ब्रेकवर पडला. "माझा माणूस मरायलाय! तुझं नाव पोलिसात जाणार न्हाई, माझ्या लेकीची आण. बाटलीवरचं नाव वाच!"

सिताराम रडायलाच लागला. "वारं सुटलं म्हणून अर्धी टाकी राहिली, दादा यायच्या आत पंप तसाच ओसरीत ठिवला वैनी. सकाळी पुन्हा नेऊन, उरलेलं मारून, धुऊन देणार हुतो. आलो तर गाडी गेलेली. फोन करावा म्हणलं, पण दादानं उचलला तर? म्हणून भ्यालो."

मग त्यानं बाटली आणून नाव वाचलं. गीताबाईनं ते परमेश्वराकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मग सगळा रस्ता तोंडातल्या तोंडात बुद्धं सरणं गच्छामि म्हणत, नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून बसली. दर खड्ड्याला तिला वाटायचं, आता गेला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. नाव ऐकताच तिनं सिस्टरला इंजेक्शनं काढायला लावली, दत्तरावाला पुन्हा धुऊन काढायला लावलं. "नाव कळलं ते बरं झालं. पण आजची रात्र जाऊ द्या, मग बोलू." असं कुणी म्हटल्यावर बाईनं काय करायचं? गीताबाई बाकावर बसून राहिली. पोटात कळा आल्या तरी उठेना. आपण उठलो आणि इकडं काही झालं तर? शेवटी सिस्टरनंच दंडाला धरून तिला उठवलं. आवारात व्हॅन उभी होती. ती पडद्याआड त्या खुर्चीवर बसली. गुडघा दुखला नाही, माप अगदी बरोबर होतं, आणि तिथं तिला असं रडू फुटलं की बाहेरनं एका म्हातारीनं हाक मारली, "काय झालं माय?" गीताबाईनं डोळे पुसून पडदा उघडला. म्हातारीचा लेक वॉर्डात होता आणि दवाखान्याचा संडास तुंबलेला. गीताबाईनं तिला आत घेतलं, भुशाचा डबा दाखवला आणि घाईघाईनं वॉर्डाकडं परतली.

उजाडल्यावर डॉक्टरणीनं दत्तरावाच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, धोका टळला. गीताबाई मटकन स्टुलावर बसली. तो तिच्याकडं बघत होता. आवाजातलं शटर गेलेलं, नुसता श्वास उरलेला.

"पंपात औषध आलं कुठून गं?"

तिनं सांगितलं. सिताराम, तूर, ओसरी, सगळं.

दत्तराव ओरडला नाही. 

"वास कवा आला तुला?"

"तुमी साबण लावायच्या आधी."

"आन् सांगितलंस कवा?"

तिनं मान खाली घातली. मग वर केली. "तुमी वरडताल म्हणून भ्याले. सितारामबी त्याच्यानंच भ्याला."

"मी मरायलो हुतो गीते."

"व्हय."

"तरी बी?"

"तरी बी."

त्याचे हात कापायला लागले. सिस्टर धावत आली, तिला वाटलं औषधानंच पुन्हा जोर केला. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले, म्हणाली, "सगळं ठीक आहे बाबा, घाबरू नका," आणि पलीकडच्या खाटेकडं गेली. पण दत्तराव घाबरला होता. एवढा दांडगा माणूस, त्यानं बायकोच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि विचारलं, "आपली संघी बी भ्याती का मला?"

गीताबाईला खोटं बोलता आलं असतं.

"व्हय," ती म्हणाली, आणि त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.