गेममधला आईचा आवाज

आमच्या वस्तीत एकच नळ होता, आणि आई भांडायची म्हणूनच आमची कळशी भरायची. त्या आवाजाच्या जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. अमेरिकेत हेन्डरसनला आल्यावर, आमची टीम खेळायची त्या ऑनलाइन गेमसाठी मी आईचा आवाज रेकॉर्ड करून गमतीचं ॲड-ऑन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बनवलं. आपलं पात्र मेलं की आईचा आवाज ओरडायचा, "मेलास परत? ऊठ, तोंड धू!" सगळे खो खो हसायचे.

मग टीममधल्या एकाने माझ्या ॲड-ऑनमधला आईचा आवाज काढून टाकून तिथे तिची वेडीवाकडी नक्कल घातली आणि ते स्वतःच्या नावावर खपवलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

"चिल, ब्रो, जोक आहे," तो म्हणाला.

"जोक माझ्या मरण्यावर होता. माझ्या आईवर नाही!"

मी ॲड-ऑनच्या साइटकडे पुराव्यासकट तक्रार केली. त्याचं ॲड-ऑन साइटवरून काढलं गेलं. माझं अजून आहे, आईच्याच आवाजात.