भावाने विचारलं, बोलावलं नाही

नववीच्या वर्गाला मी इंग्रजीतलं ‘कुड’ शिकवते, त्याला बरीच वर्षं झाली. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची. एकात खिडकी उघडायचा सरळ हुकूम, दुसऱ्यात ‘कुड यू’ लावून तीच खिडकी. मग सांगायचं, की ‘कुड’मुळे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक राहते, म्हणून ते सभ्य. पोरं माना डोलावतात आणि शाळा सुटली की गोंदियाच्या रस्त्यावर एकमेकांना ‘ए हट’ म्हणत सायकली दामटतात. त्यात मला कधी काही अडचण वाटली नव्हती.

अडचण आली ती धाकट्या भावाच्या मेसेजने. तो बंगलोरला असतो. बायकोला सातवा महिना आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायला मनाई केलेली. मागच्या खेपेला मूल राहिलं नव्हतं, आणि तेही आम्हाला सगळं होऊन गेल्यावर कळलं होतं. आता इंग्रजीत एक ओळ: कुड यू कम फॉर सम डेज? तिच्या खाली लगेच, बाकी सगळं ठीक आहे, तिची आई पण बहुतेक येईल.

गोंदियालगतच्या मुर्रीत, माझ्या घरी स्वयंपाक करता करता मी ती ओळ कितीदा वाचली असेल. हा मला बोलावतोय, की बोलावल्यासारखं करतोय?

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. पण आमचं माहेर सडक अर्जुनीकडचं, धानवाल्यांचं. तिथे अजूनही रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, एकमेकांच्या शेतात, बांधीत जातात, आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. आदल्या संध्याकाळी शेतवाली बाई घरोघर फिरते आणि दारातूनच सांगते, उद्या आमच्याकडं. झालं. विनंती नाही, आभार नाहीत. पण एखाद्या दारात तिने ‘येशील का?’ असं विचारलं, तर त्या घराने समजून घ्यायचं, की माणसं पुरेशी झालीत, तुम्हाला वगळलं तर वाईट दिसेल म्हणून आलेय. मग त्या घरानेही काहीतरी काम पुढे करायचं आणि दोघींनी हसून मोकळं व्हायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आम्ही ते बघत वाढलो. मी वाढले तसा भाऊही.

म्हणजे फळ्याच्या हिशेबाने तो मला आदराने बोलावत होता आणि बांधीच्या हिशेबाने येऊ नको म्हणत होता. माझं डोकं पार चक्रावून गेलं.

रविवारी माहेरी गेले. आई नुकतीच बांधीतून येऊन पाय धूत होती. मी तिला मेसेज मराठीत सांगितला. तिने जरा विचार केला.

“ये म्हनला असता त गोष्ट येगळी होती,” ती म्हणाली. “त्यानं त विचारलं.”

तिच्या लेखी विषय संपला. मलाही थोडा वेळ बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शाळेत रजा मागायची कटकट वाचली. मी भावाला इंग्रजीतच कळवलं, की यायला आवडलं असतं, पण शाळा आहे, रोवणी आहे. त्याचं उत्तर लगेच आलं: नो प्रॉब्लेम. आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

त्या हातांनी माझं डोकं फिरलं. भाऊ बहिणीला हात कधीपासून जोडायला लागला? एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला दोन अक्षरं धड बोलता येऊ नयेत? मी अंगणात जाऊन सरळ फोन लावला.

तिची आई कधी पोचतेय, विचारलं. ती येत नाहीये, म्हणाला, तिलाच बरं नाही. मग घरात कोण असतं? कुणी नाही. तो दुपारी ऑफिसातून येऊन तिला जेवायला घालून परत जातो.

“आन् मले तू कुड यू म्हनतं?” मी म्हणाले. “ये म्हनायले काय होऊन राहिलं होतं तुले?”

त्याच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

“ये म्हनलो असतो, बाई,” तो म्हणाला, “आन् तू नाही आली असती त?”

मला भडभडून आलं आणि राग मात्र होता तिथेच होता. नाही म्हणायची मोकळीक समोरच्याला, असंच मी आजवर सांगत आले होते. या पोराने ती स्वतःसाठी ठेवली होती, माझं ‘नाही’ त्याला लागू नये म्हणून. मी काही म्हणायच्या आत तो पुन्हा त्या सभ्य आवाजात सुरू झाला, तुझी शाळा आहे, आईकडे रोवणी अर्धी राहिलीय, बघ, जमलं तरच.

“चूप बस,” मी म्हणाले. “मी येऊन राहिली.”