सोनचाफ्यासाठी नागपूर, तेही मे महिन्यात

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही गेलो. कारण विचाराल तर कुंडीतला एक सोनचाफा.

माझी नणंद वनिता लग्न होऊन नागपूरला गेली त्याला आता तीसेक वर्षं झाली. प्रताप नगरात तिचं घर आहे आणि वर गच्चीभर कुंड्या. मागच्या पावसाळ्यात ती चिपळूणला आमच्याकडे आली होती, तेव्हा माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, तिला सोनचाफ्याचं एक कलम दिलं. ते कलम साधं नव्हतं. श्रीकांतची बायपास झाल्यावर डॉक्टरांनी "आता हळूहळू बागेत जायला हरकत नाही" म्हटलं, त्यानंतर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं ते पहिलं कलम. बांधताना सुतळी तीनदा सुटली, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. तेच त्याने बहिणीला दिलं.

मे लागला आणि वनिताचे फोन सुरू झाले. "दादा, चाफा जळून राहिला. सकाळी पाणी टाकते, दुपारी पानं करपते. काय करू?" सोबत फोटो. पानांच्या कडा तपकिरी, चुरा होईल अशा. श्रीकांत तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहायचा. एका सकाळी चहा घेताना म्हणाला, "जाऊन सावलीसाठी जाळी बांधून येतो."

"तिथे जाळी बांधायला माणसं नाहीत?"

"आहेत की. पण त्यांनी चाफा कुठे पाहिलाय?"

मी भित्री आहे, हे ब्लॉगच्या जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको. धक्क्याला बांधून ठेवलेल्या होडीतसुद्धा मी लाइफ जॅकेट घालून बसले होते, तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे "तू एकटा जाणार नाहीस" म्हणून मी बॅग भरली ती अशी: ओआरएसची पाकिटं, बीपीचं मशीन, थर्मामीटर, त्याच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत (एक हरवली तर?), पांढरे शेले, आणि खिशात ठेवायला कांदे. कांद्यांवरून श्रीकांतने कराडपर्यंत माझी टर उडवली.

रस्त्याचं सांगते, कारण कुणी ना कुणी विचारणारच. कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून पुणे, नगर, आणि मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. जास्त ताणू नका, थकलेल्या माणसाने समृद्धी महामार्गावर गाडी घालू नये. दुसऱ्या दिवशी पहाटेच समृद्धीला लागलो. रस्ता सरळ आणि सुरेख, टोल मात्र खिशाला चांगलाच चावतो. उन्हाळ्यात सिमेंट तापून टायर फुटतात असं मी इतक्यांदा ऐकलं होतं, की प्रत्येक थांब्यावर उतरून चारही चाकांना हात लावत होते. एका पंपावरचा माणूस म्हणाला, "काकू, टायरले ताप नाही आला, चालू द्या." खाण्याच्या जागा कमी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच उगाच महाग आहेत. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, पाणी तर भरपूरच न्या.

नागपूरला पोचलो तेव्हा भर दुपार होती. गाडीचं दार उघडलं आणि मी ते परत लावून घेतलं. खोटं सांगत नाही. पेटल्या चुलीत फुंकर घालायला वाकावं आणि जाळ तोंडावर यावा, तसं झालं. रस्त्यावर माणूस दिसेना. दिसला तो डोळे सोडून सगळा कापडात गुंडाळलेला. चौकात सिग्नलला थांबणाऱ्यांसाठी वर हिरवी जाळी ताणलेली होती. म्हणजे या गावात झाडांसारखीच माणसंही जाळीखाली ठेवतात, असं माझ्या मनात आलं.

वनिताने दारातच गुळाचा खडा आणि पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं. आत वाळ्याचा वास आणि कुलरची घरघर. कुलर एवढा मोठा, की त्यात माणूस राहील. मी लगेच श्रीकांतचं बीपी मोजायला घेतलं.

"वहिनी, काहून एवढ्या भिऊन राहिल्या?" वनिता हसत सुटली. "आम्ही काय इथं भाजून मेलो का? फक्त दुपारी बाहेर निघायचं नाही. बस."

खरं सांगू, संध्याकाळपर्यंत मला धीरही आला. कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: घाम नाही! चिपळूणला मे महिन्यात नुसतं बसल्या जागी पाठीवरून ओहोळ वाहतात, आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत माणूस पुन्हा भिजतो. इथे अंग कोरडं, कपडे कोरडे. दोरीवर टाकलेला टॉवेल चहा होईपर्यंत वाळला. "आकडे मोठे आहेत, पण आपल्यापेक्षा बरं आहे इथलं," असं मी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

ऊन उतरल्यावर गच्चीवर गेलो. ज्यांना अशा कोरड्या शहरात बाग करायची आहे त्यांनी वनिताची पद्धत लक्षात ठेवा. पाणी सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर, मधे कधीच नाही. कुंड्या सुट्ट्या ठेवायच्या नाहीत, एकमेकींना खेटून ठेवायच्या. मातीवर भाताच्या तणसाचा, म्हणजे आपल्या पेंढ्याचा, जाड थर. भेंडी, गवार, अंबाडी असल्या उन्हातही तग धरून होत्या. चाफा मात्र कोपऱ्यात उभा होता आणि त्याची अर्धी पानं गळली होती. श्रीकांतने खोडाला नखाने किंचित खरवडून पाहिलं. आत हिरवं होतं. "आहे," एवढंच तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून मला बायपासनंतरचा तो खिडकीतला दिवस आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गांधीबागेकडे गेलो. तिथला कापडबाजार बघण्यासारखा आहे, पण जायचं तर दुकानं उघडता उघडता जा. मी सुती दुपट्टे घेतले, पलीकडच्या गल्लीत जाळी मिळाली. दुकानदाराने विचारलं, "काय झाकायचं हाय, भाजी का झाड?" श्रीकांतने चाफा म्हटल्यावर तो थांबला. "सोनचाफा? नागपुरात? लय हौशी दिसता, भाऊ. मग दाट जाळी न्या, पातळ जाळीत भाजून निघन तो." रात्री सावजी रस्सा खाल्ला. तिखटाने कानातून वाफा आल्या आणि मी जेलुसिलची पूर्ण स्ट्रिप उशाशी घेऊन झोपले. जाळी बांधून झाली की पुढचे दोन दिवस पेंचची सफारी आणि पारशिवनीकडे वनिताच्या सासरच्या शेतावर जायचं ठरलं होतं. वाघाच्या भीतीने मी आधीच अर्धी झाले होते.

टायर, सावजी, वाघ. भीतीची माझी यादी ही अशी होती.

तिसऱ्या दिवशी उजाडताच श्रीकांत गच्चीवर चढला. वनिता भाजीबाजारात जायला निघाली तेव्हा तिने जिन्यातून हाक मारली, "दादा, ऊन चढायच्या आत खाली ये बरं!" "आलोच," तो म्हणाला. पण बांबू उभे करण्यात वेळ गेला, तार कमी पडली, ती कुठूनतरी जुळवली. मी स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होते. एकदा जिन्यात जाऊन ओरडले, "अरे, घाम किती आलाय? खाली ये!"

वरून आवाज आला, "एक थेंब नाही! तू उगाच घाबरतेस. एक बाजू राहिलीय फक्त."

आणि मी निश्चिंत झाले. लाइफ जॅकेटवाली, चाकांना हात लावणारी मी, परत ओट्याशी गेले आणि कैऱ्या कुस्करायला घेतल्या. घाम नाही म्हणजे त्रास नाही, हे आम्हा कोकणातल्या माणसांच्या हाडात बसलेलं आहे.

पन्हं घेऊन वर गेले तेव्हा तो टाकीच्या भिंतीला टेकून बसला होता. जाळीचं एक टोक सुटून फडफडत होतं. चेहरा लाल. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, पाटाचं पाणी सोडलंस का?"

त्याची आई जाऊन कित्येक वर्षं झाली.

मी त्याच्या कपाळाला हात लावला. ते तव्यासारखं तापलेलं होतं, आणि कोरडं. मान कोरडी, पाठ कोरडी, सदरा कोरडा. मला काही सुचेना. बाजूला पाण्याचा पाइप पडला होता. मी नळ उघडला आणि पाइप त्याच्या डोक्यावर धरला. तो किंचाळला. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहाच्या आधणासारखं कढत होतं. मी माझ्या माणसाच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. पाइप फेकला आणि जी ओरडत सुटले ती मला थांबताच येईना.

शेजारच्या गच्चीचं दार उघडलं. शीलाताई, वनिताच्या शेजारीणबाई, आयुष्यभर नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी कठड्यावरूनच विचारलं, "घाम हाय का अंगावर?"

"नाही, अजिबात नाही, तो म्हणाला एक थेंब..."

"बाप्पा! मंग लवकर खाली न्या त्याइले!"

त्यांचा मुलगा आणि समोरचा एक जण धावत आले. श्रीकांतला उचलून खाली कुलरसमोर फरशीवर निजवलं. शीलाताईंनी सदरा काढला, ओली चादर टाकली, फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि मानेशी लावला. मी पन्ह्याचा पेला त्याच्या ओठाशी नेला तर त्यांनी माझा हात धरला. "तोंडात काही नका टाकू वं, शुद्धीत नाही तो, ठसका लागन. तुम्ही फक्त वारा घाला." मी वारा घालत राहिले. अँब्युलन्स येईपर्यंत मला एवढंच दिसत होतं: चादरीबाहेर दिसणारी त्याच्या छातीवरची बायपासची लांब खूण आणि तिच्यावर मानेशी वितळणाऱ्या बर्फाचं पाणी. मी मनात देवाला नाही, त्यालाच म्हणत होते, घाम येऊ दे रे, एकदा घाम येऊ दे.

दवाखान्यात दोन दिवस गेले. पहिल्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही, माफ करा. दुसऱ्या सकाळी त्याने मला माझ्या नावाने हाक मारली आणि मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" चिपळूण म्हटल्यावर मान हलवली. "तिकडे घाम अंगावर राहतो, म्हणून माणूस वेळेत सावलीत जातो. इथे हवा इतकी कोरडी, की घाम येतो तसा उडून जातो. अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. आणि मग एका क्षणाला घाम खरोखरच थांबतो. त्यात यांच्या हृदयाच्या गोळ्या. पुन्हा असं करू नका."

इकडे येणाऱ्यांनी हे एवढं लिहून ठेवा, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. घामाची वाट पाहू नका, तहानेचीही पाहू नका. घोट घोट पाणी पीत राहा. हृदयाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर हिवाळ्यात या, तेव्हा नागपूर फार गोड असतं म्हणतात. आम्ही ते पाहिलेलं नाही.

घरी आणलं तेव्हा वनिताने दार उघडलं आणि मला हसू की रडू कळेना. कुलरसमोर श्रीकांतची गादी घातली होती आणि गादीशेजारी चाफ्याची कुंडी. "मेहनत वाया जाऊ नये म्हणून यालेही ॲडमिट केलं," ती म्हणाली, आणि मग दादाच्या पायाशी बसून हमसून रडली. "मीच फोन केले ना. मीच बोलावलं ना तुले." श्रीकांतने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, चाफा जगतोय का ते बघ," म्हणाला.

पेंच राहिलं, पारशिवनी राहिली. वाघाला आमची काही पडलेली नव्हती. परत येताना ड्रायव्हर घेतला, पहाटे निघालो, आणि टायरकडे मी एकदाही पाहिलं नाही. पूर्ण रस्ताभर मी श्रीकांतच्या मनगटावर हात ठेवून बसले होते. चाफा वनिताकडेच राहिला. ती रोज त्याचा फोटो पाठवते, अजून तीन-चार पानं टिकून आहेत. श्रीकांत फोटो पाहतो, मोठा करून पाहतो, आणि फोन खाली ठेवतो. "जाऊन येतो" असं आता म्हणत नाही.

कुंभार्ली उतरताना खिडकी उघडली तेव्हा ओली, चिकट हवा आत आली. इतकी वर्षं या हवेला मी नावं ठेवत आले. श्रीकांतच्या बनियनवरचे घामाचे पिवळे डाग निघत नाहीत म्हणून तर मी किती कटकट केली असेन.

काल तो अंगणात चाफ्याचं नवं कलम बांधत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि मागून त्याच्या मानेवर हात ठेवला.

"अगं, घामाने निथळतोय मी. हात घाण होईल."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि हात तसाच ठेवला.