आत्याऐवजी ओरडणारं यंत्र

माझी आत्या एका मोठ्या लाँड्रीत काम करते. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. आत्या स्वतः एकही चादर धूत नाही. ती मधल्या टेबलाशी उभी राहून ओरडते. गाडी कुठवर आली, कुठली ट्रॉली आधी घ्यायची, ड्रायर कधी रिकामा होतोय, इस्त्रीच्या रोलरवर आता काय चढवायचं, हे सगळं तिच्या कानांतून आत जातं आणि तोंडातून बाहेर पडतं. यंत्रांच्या घरघरीवर मात करून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल असा आवाज आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. आजोबा म्हणायचे, हिला फोन कशाला हवा, खिडकी उघडली तरी पुरे.

तो आवाज बसला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं, कुजबुजायचंसुद्धा नाही. मॅनेजर म्हणाले, "ताई, तुम्ही काही दिवस घड्या घालायला बसा. टेबलावर दुसरं कुणीतरी बघू." घड्या घालण्यात कमीपणा नव्हता. पण त्या टेबलाशी एकदा दुसरं कुणी उभं राहिलं की ते हलणार नाही, हे आत्या ओळखून होती. तिने हातवारे करून आठवड्याची मुदत मिळवली आणि मला मेसेज केला: "तुमचं ते एआय माझ्याऐवजी ओरडेल का?"

मी संगणकाचं शिकलेय, त्यामुळे घरात कुणाचा टीव्ही लागला नाही तरी मलाच बोलावतात. हे काम मात्र मला मनापासून आवडलं. लाँड्रीचा फोनवर ग्रुप होताच. त्यात येणारे बोललेले निरोप, फोटो, अर्धवट वाक्यं एआय वाचेल, कोण कुणासाठी खोळंबलंय ते आत्याला थोडक्यात सांगेल, आणि आत्याने दोन शब्द टाइप केले की त्यांचा नीट निरोप करून ज्याच्या त्याला पाठवेल, अशी सोय मी लावून दिली.

पहिला सारांश आत्याने पुन्हा पुन्हा वाचला. मग मला लिहिलं, "हे एवढं सगळं मी डोक्यात ठेवत होते होय? बाई गं."

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला काही उलगडेना. एआयच्या सारांशात सगळं आलबेल होतं. ड्रायव्हर लिहायचा, "गाडी व्यवस्थित आहे." ड्रायर आणि इस्त्री सांभाळणारे दादा लिहायचे, "काम सुरळीत चालू आहे, आभारी आहे." आणि तरी दवाखान्याच्या चादरी उशिरा निघत होत्या. मॅनेजर टेबलाभोवती घिरट्या घालू लागले होते.

मी सुट्टी काढून लाँड्रीत गेले. दारातच ड्रायव्हर भेटला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तुम्ही ताईंच्या भाची ना? खरं सांगा, ताई सोडून चालल्यात की मला काढतायत?"

"असं का वाटतं तुम्हाला?"

त्याने फोन पुढे केला. आत्याने टाइप केलं होतं, "गाडी उशीर. दवाखाना आधी." एआयने पाठवलं होतं: "नमस्कार. आज गाडीला थोडा विलंब होत असल्याचे लक्षात आले. शक्य असल्यास कृपया दवाखान्याच्या चादरी आधी उतरवाव्यात. आपल्या सहकार्याबद्दल मनापासून आभार."

"आमच्याकडे इतकं गोड कुणाशी बोलतात माहितीये? ज्याला उद्यापासून यायचं नसतं त्याच्याशी," तो म्हणाला. "मागे एकाला कागद दिला, त्यात असंच सहकार्य आणि आभार होते."

आता मला कळलं. सगळे घाबरले होते, म्हणून सगळे गोड झाले होते, आणि वाईट बातमी कुणी देतच नव्हतं. एआय बिचारं जे ऐकत होतं तेच सांगत होतं. सभ्यपणाची सवय त्याची मूळचीच, ती बदलायचं मला सुचलंही नव्हतं.

मी आत्याला फोन दाखवला. तिने कपाळावर हात मारला. मग ड्रायव्हरकडे बोट दाखवून खूण केली: जुने निरोप दे. त्याने आत्याचे बोललेले निरोप जपून ठेवले होते. "बायकोला ऐकवतो," तो म्हणाला. "म्हणतो, बघ, ताईंपुढे तू काहीच बोलत नाहीस."

ते निरोप आम्ही एआयला ऐकवले आणि सांगितलं, असं बोल. आत्याने वर स्वतः एक सूचना टाइप केली: दादांना चहाच्या आधी काही बोलायचं नाही.

मग तिने पुन्हा तेच लिहिलं, "गाडी उशीर. दवाखाना आधी." ग्रुपवर आलं: "काय रे, गाडी चालवतोयस की कडेवर घेऊन येतोयस? दवाखान्याच्या चादरी आधी उतरव, गप्पा नंतर."

ड्रायव्हरने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. लगेच त्याने लिहिलं, "ताई, मी वेळेतच होतो. दुसरा ड्रायर परवापासून गार हवा फेकतोय, दादा सांगत नाहीयेत." पाठोपाठ दादा: "चहाडखोर. मी सांगणारच होतो. रोलरचा पट्टापण सरकतोय." मग धुलाईवाल्या वहिनी, मग घड्यावाल्या. तक्रारींची नुसती रांग लागली.

तो सारांश पाहून मॅनेजर हबकले. "ताई, हे काय, सगळंच बिघडलंय?" आत्या इतकी खुश मी आठवड्यात पाहिली नव्हती. तिने दादांना बिघडलेल्या ड्रायरवरून हलवलं, दवाखान्याच्या ट्रॉल्या चांगल्याकडे वळवल्या, मेकॅनिकला बोलावलं, आणि एकही शब्द न बोलता संध्याकाळची गाडी वेळेवर काढली. मॅनेजर गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "घड्यांचं राहू द्या. टेबलावर तुम्हीच राहा."

मला अजून एका गोष्टीचं नवल वाटतं. एआय आता दादांना टोमणा मारतं, वहिनींना समजावतं, आणि कुणाला किती टोचायचं याचा अंदाज त्याला बरा येतो. पण ज्या दिवशी ड्रायव्हरची मुलगी आजारी होती, त्या दिवशी आत्याने यंत्राचा निरोप पुसला आणि स्वतः लिहिलं, "सावकाश ये." ती बातमी ग्रुपवर आलीच नव्हती. तिला कशी कळली, विचारलं तर म्हणते, "त्याने सकाळी भांडण केलं नाही."

गाठी बऱ्या झाल्या. आवाज परत आला, पण बारीक, कुणा दुसरीचा वाटावा असा. पहिल्या दिवशी तिने हौसेने ड्रायव्हरला फोन लावला. "कुठे अडकलास रे?"

पलीकडून आधी "कोण बोलतंय?" आलं. मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही ग्रुपवरच ओरडा. तिथे तुम्ही तुमच्यासारख्या वाटता."