ऱ्हस्व दिपावली

बहिणीला जाऊन दोन महिने झाले होते. तिने सुपारीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या सुकलेल्या रुंद देठावर, रंगवलेली दिवाळीची कार्डं आणि शिंपल्यांचे कानातले घेऊन मी श्रीवर्धनच्या बाजारात बसलो. दरवर्षी तिथे ती बसायची आणि मैत्रिणी फराळ आणायच्या. यंदाही त्या करंज्या घेऊन आल्या.

शेजारच्या काकूंनी एक कार्ड उचललं. "काय मास्तर, तुमच्याकडे 'दिपावली' ऱ्हस्व?"

"ठेवा ते खाली! विकायचं नाही."

काकूंनी कार्ड खाली ठेवलं. माझा राग काकूंवर नव्हता. गेल्या वर्षी याच मैत्रिणींसमोर हीच चूक मी हसत हसत दाखवली होती. त्यानंतर, यंदाच्या एकाही कार्डावर बहिणीने अक्षर काढलं नव्हतं, नुसती चित्रं होती. त्यांत गेल्या वर्षीचं हे एकच राहिलं होतं.