डावीकडचा बॉक्स

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या जेल रोडच्या घरात कॅसेटचा डेक आणि स्पीकरचे दोन लाकडी बॉक्स आले आणि बाबांनी हॉलची मोजणी सुरू केली. ते भूमापन खात्यात होते. दिंडोरीकडे भांडणाऱ्या भावांना समोरासमोर उभं करून त्यांनी बांधाच्या खुणा रोवल्या होत्या, आणि त्यांची खूण कुणी हलवलेली त्यांना खपत नसे. घरीही तोच खाक्या. दोन्ही बॉक्स त्यांच्या खुर्चीपासून सारख्याच अंतरावर हवेत. त्यासाठी गाठ मारलेली सुतळी आणि फरशीवर खडूच्या खुणा. आई झाडताना त्या खुणांना वळसा घालायची.

नीट जमलं की गाणाऱ्याचा आवाज कुठल्याच बॉक्समधून येत नसे. तो मधल्या शोकेसमधून आल्यासारखा वाटे. बाबा मला खुर्चीत बसवून विचारत, "मधून येतोय?"

ते निवृत्त झाले त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःची खूण स्वतःच पुसली. डावा बॉक्स दोन बोटं पुढे घेतला, पुढच्या रविवारी वीतभर. "आवाज उजवीकडे सरकतोय," म्हणाले. मला तर खुर्चीत बसल्यावर डावाच मोठा ऐकू येत होता. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशा गुर्मीत होते. मी दोन्ही बॉक्सची अदलाबदल केली. डेकमागच्या वायरीही उलट करून पाहिल्या. बाबांनी प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकलं आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "डावाच मंद आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बिघाड डेकमध्ये नव्हता, बॉक्समध्येही नव्हता. बाबा हल्ली फोन उजव्या कानाला लावायचे. आईने डावीकडून हाक मारली तर ओ देत नसत.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाच्या मोजणीत कुणी कधी चूक काढली नाही, त्याला 'तुमचा कान गेलाय' म्हणायची मला भीती वाटली. मी त्यांच्या पाठीमागे डेकचं बॅलन्सचं बटण जरासं डावीकडे फिरवलं, म्हणजे डाव्या बॉक्सचा आवाज वाढला.

"आता?"

"आता मधून येतोय," ते खूश होऊन म्हणाले. "काय होतं गं?"

"वायर सैल होती."

मग दर पंधरा-वीस दिवसांनी ती वायर सैल होऊ लागली. बटण थोडं थोडं सरकत गेलं. मी ते फिरवत राहिले. संक्रांतीनंतर एका सकाळी ते शेवटाला टेकलं, आणि बाबा पुन्हा बॉक्स ओढायला उठले ते तोल जाऊन भिंतीवर आदळले.

तपासणीत कानाच्या नसेवर गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "कमी ऐकू येतंय ते कधीपासून?"

"महिनाभर झाला असेल," बाबा म्हणाले.

"पावसाळ्यापासून," मी म्हणाले, आणि बटणाचं सगळं सांगून टाकलं.

तेव्हाच आणलं असतं तर कान वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता, डॉक्टर म्हणाले.  बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले, डावा कान कायमचा गेला. घरी आल्यावर ते भिंतीला धरून डेकपाशी गेले. बटण अजून डावीकडे टेकलेलंच होतं. त्यांनी ते सावकाश फिरवून मध्यावर आणलं, कॅसेट लावली आणि खुर्चीत बसले.

"मधून येतोय?" मी विचारलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते.

बाबांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"मधूनच येतोय," ते म्हणाले. "तू रडू नकोस."